लाल रेघेपलीकडचे अण्णा

कॅसेटचा जुना डबा उघडला, प्लॅस्टिकचा कडवट वास आला आणि मी कोल्हापूरच्या आमच्या माजघरात पोचले.

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या, अण्णांच्या, घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील, असं डॉक्टर म्हणत नव्हते. शेजारच्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर अण्णा भजन गात होते. "बटणांना हात लावू नका," असं शेजारच्यांनी बजावलेलं, म्हणून मी नुसती आवाज दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते. काटा लाल रेघेपलीकडे गेला की टेपवर आवाज फाटतो, म्हणून मी म्हणायचे, "अण्णा, हळू."

चौथ्यांदा ते उखडले. "हळू गायला मी काय चोरी करायला आलोय व्हय गं?"

पुढचं भजन कॅसेटवर स्वच्छ आहे, पण त्यात अण्णा नाहीत. ते आहेत त्याआधीच्या त्या फाटलेल्या वाक्यात. आवाजाचं बटण बारीक करायचं सोडून मी त्यांनाच बारीक केलं.