आग्लायाचं अर्धं तिकीट

मायदेशी, यासीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट तिसऱ्यांदा उलटून पाहिला, तेव्हा आग्लाया काउंटरवर पुढे झुकली.

"बाई, तुमचं तिकीट रद्द झालंय."

"रद्द कसं होईल? हे बघा, छापलेलं आहे. तारीख आजचीच आहे ना?"

"तारीख बरोबर आहे. पण जाण्यायेण्याचं मिळून एकच तिकीट होतं. बोलोन्याहून इकडे येताना तुम्ही विमानात बसलाच नाहीत. पहिला प्रवास चुकवला की पुढचा आपोआप रद्द होतो."

"अगं, तुमची एक खुर्ची मी रिकामी सोडली, त्यात तुमचं काय गेलं? अर्धा पाव खाल्ला नाही म्हणून बेकरीवाला उरलेला अर्धा हिसकावून घेतो का?"

मुलगी हसली नाही. "आधी एक फोन करून कळवायचं होतंत. कदाचित परतीचं वाचलं असतं."

"मग दुसरं दे. आजचं."

"आज एकही जागा नाही. सोमवारचं मिळेल."

सोमवार! आग्लायाला रविवारी संध्याकाळी सहाच्या आत बोलोन्यात असायला हवं होतं.

आग्लाया सत्तावन्न वर्षांची. विणकामाचा कारखाना बंद पडला, पाठोपाठ नवरा गेला आणि ती गावातल्या इतर बायांसारखी इटलीत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला गेली. त्याला आता बारा वर्षं झाली. आधीच्या दोन म्हाताऱ्या तिने शेवटपर्यंत सांभाळल्या. ही तिसरी, सिन्योरा इर्मा, नव्वदीची. तिची मुलगी डोनाता हिने ईस्टरच्या रजेसाठी हौसेने विमानाचं तिकीट काढून दिलं होतं.

पण विमानात कपडे धुण्याचं यंत्र कसं नेणार? लेकीसाठी जुनं पण चांगलं यंत्र मिळालं होतं, शिवाय तेलाचे डबे, कॉफी, साबण. असलं सामान गावचा साविन त्याच्या व्हॅनमधून इटलीहून गावी नेतो. सोबत माणूस नसलं की डबे वाटेत कमी होतात, हे सगळ्यांना ठाऊक. साविन म्हणाला, "काकू, एक जागा आहे, बसा." ती बसली. परतीला विमान आहेच की, तिने हिशोब केला. डोनाताला मात्र सांगितलं नाही. एवढ्या प्रेमाने दिलेलं तिकीट आपण साबणापायी सोडलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

खरी धास्ती वेगळीच होती. रजेवर जाताना आपल्या जागी बदलीची बाई द्यावी लागते, आणि ती फार चांगली निघाली तर जागा तिचीच होते. आग्लायाने दोघीजणींची कामाची घरं अशी गेलेली पाहिली होती. म्हणून तिने शेजारच्या गावची झेनोव्हिया निवडली. झेनोव्हियाला इटालियनचे जेमतेम चाळीस शब्द येत होते, स्वयंपाकही बेताचाच. रविवारी सहाला डोनाता येणार, झेनोव्हियाचे पैसे देणार आणि घर पुन्हा आग्लायाच्या हाती सोपवणार, असं ठरलं होतं.

तिने विमानतळावरूनच फोन लावला.

"झेनोव्हिया, मला थोडा उशीर होईल असं दिसतंय."

"होऊ दे की, आग्लायाताई! घाई कशाला? सिन्योरा आत्ताच जेवली. माझ्या हातचं सूप ताट चाटून संपवते." मागून म्हातारीचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. झेनोव्हियाने तिला इटालियनमध्ये भराभर उत्तर दिलं, आणि म्हातारी हसली.

चाळीस शब्दांत कुणी कुणाला हसवत नाही.

आज शनिवार, आणि साविनची व्हॅन दर शनिवारी एक वाजता यासीच्या मंडईमागून सुटते. आग्लाया टॅक्सीने तिथे पोचली तेव्हा तो दोरी आवळत होता.

"काय हो काकू, विमान आवडलं नाही?"

"तोंड बंद ठेव आणि जागा दे."

"जागा आहे. पण लोणच्याच्या बरण्या मांडीवर घ्याव्या लागतील."

तिने घेतल्या. हंगेरीत रस्त्यावर दोन तास गाड्या तुंबल्या, तेव्हा तिने साविनला पाच वेळा वेळ विचारली. सहाव्यांदा त्याने घड्याळच काढून तिच्या हातात दिलं. डोनाताला फोन करावा असं शंभरदा मनात आलं. पण फोन केला की साबण, यंत्र, सगळंच बाहेर येणार. तिने केला नाही.

सिन्योरा इर्माच्या घराचं दार उघडलं तेव्हा रविवार संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. आत टेबलापाशी डोनाता बसली होती. समोर नोकरीच्या कराराचा कागद, कागदावर पेन. झेनोव्हिया बाजूला उभी होती. तिच्या अंगात आग्लायाचा एप्रन.

"आग्लाया?" डोनाता उठलीच. "तू परत आलीस?"

"म्हणजे काय? आज यायचं ठरलंच होतं ना!"

"तीन आठवड्यांपूर्वी मला विमान कंपनीचा निरोप आला. तू विमानात चढलीच नाहीस म्हणून. मला वाटलं, हिला दुसरीकडे काम मिळालं, सांगायला लाजतेय. तू सांगशील म्हणून मी वाट पाहत राहिले. शेवटी झेनोव्हियाला विचारलं, तूच कायमची राहशील का? ती हो म्हणाली."

"डोनाताबाई, मी व्हॅनने गेले." आग्लाया भडाभडा बोलत सुटली. "यंत्र होतं, डबे होते. तुमचं तिकीट वाया घालवलं, म्हणून सांगितलं नाही. हा वास घ्या माझ्या कोटाचा. तीस तास लोणचं मांडीवर घेऊन आलेय."

डोनाताने कागद मधोमध दुमडला आणि पर्समध्ये टाकला.

"एक फोन करायला काय झालं होतं तुला?"

कोट न काढताच आग्लाया आतल्या खोलीत गेली आणि तिने सिन्योरा इर्माची उशी नीट केली. म्हातारीने डोळे उघडले, नाक मुरडलं आणि पुन्हा मिटले.

झेनोव्हिया दारात येऊन उभी राहिली. तिने एप्रनची गाठ सोडली, पण एप्रन काढला नाही.

"मी आता जायचं कुठे?"

"साविन मंगळवारी सकाळी परत निघतोय," आग्लाया पांघरूण सारखं करत म्हणाली. "तुझी जागा मी येतानाच सांगून ठेवलीय."

"मला न विचारता?"

"तू विचारलं होतंस मला?"