उसगावच्या रांगेत तापणारी गाडी

फोंड्याला सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि आमची गाडी उसगावच्या पुढे जात नव्हती. डिचोलीहून निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ती नीट धावायची. खनिजाच्या ट्रकांमागे रांगेत सरकू लागली की तापमानाचा काटा लाल रेघेवर. दोनदा आम्ही अर्ध्यावरून परतलो. मी थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला. पंखा फिरताना दिसायचा, म्हणून त्या बाजूला पाहिलंच नाही.

"आई वाट बघतेय आणि तुम्ही सुटे भाग घेत बसलाय," बायको म्हणाली.

शेवटी मी दारातच इंजिन तापू दिलं. पंखा सुरू झाल्यावर तिला रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचं पान धरायला सांगितलं. पंखा हवा ओढत असता, तर पान जाळीला चिकटलं असतं. ते खाली पडलं.

जाळीच्या फटी लाल चिखलाने बुजल्या होत्या. खनिजाची धूळ बसते म्हणून दर रविवारी मीच समोरून पाण्याचा पाइप मारायचो. ती भिजून आत घट्ट बसायची. वेगात वारा कसाबसा शिरायचा, रांगेत तोही नाही.

"सारवून ठेवलंत की," बायको म्हणाली.

इंजिन थंड झाल्यावर आतून बाहेर पाणी मारलं. कितीतरी वेळ लाल पाणी येत राहिलं. मग इंजिन पुन्हा तापवून पान धरलं, ते चिकटलं.

त्याच दुपारी ट्रकांच्या रांगेतून आम्ही फोंड्याला पोचलो. "इतके दिस खंय होतंस गो?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"गाडी बिघडली होती," ती म्हणाली. कोणी बिघडवली ते तिने सांगितलं नाही, म्हणून मी सांगितलं.