भेंडीच्या मापाची पिशवी

शिवाजी पेठेत मी भाजी विकायला बसते. एक पेन्शनर आजोबा रोज माझी टोपली उपसून एकच भेंडी नेत. त्यांना शिकाऱ्याची चामडी पिशवी हातानं शिवायचा छंद होता. घरात बंदूक नव्हती, म्हणून काडतुसाच्या कप्प्यांचं माप ते भेंडीवर घेत.

पिशवी झाली, तशी त्यांनी ती माझ्या शेजारच्या कट्ट्यावर मिरवली. एका माजी फौजीनं घरून जुनं रिकामं काडतूस आणलं. ते एकाही कप्प्यात शिरेना.

"काका, ह्यात भाजीच भरा की!" फौजी म्हणाला.

सगळे हसले. आजोबांचा चेहरा पडला. मी गिऱ्हाइकाशीही मान खाली घालून बोलणारी, पण तोंडातून निघून गेलं, "मला द्या की. मिरच्या ठेवीन."

त्यांनी एकेक कप्पा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"लवंगी ठेवणार असशील तर घे, बाई. मिळमिळीत मिरची ह्यात चालायची न्हाय."