निम्म्या औषधाचा फोटो

पाण्यावरचं पान उचलावं तसा उजवा तळहात अलगद वर नेत त्या म्हणायच्या, "हळू... येऊ द्या आत." पेशंटची छाती त्या हाताबरोबर वर यायची. हात थांबला की श्वास थांबायचा. मी सुई लावणारी नर्स, पण बघता बघता माझाही थांबायचा.

शिरूरच्या आमच्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये त्या टेक्निशियन होत्या. मूळच्या दौंडच्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. तुम्ही कधी छातीचा स्कॅन काढला असेल, तर तो किती चटकन उरकतो हे तुम्हाला ठाऊक असेल. ताईंचा वेळ जायचा तो त्याआधी, श्वासाच्या तालमीत. पेशंट हलला तर फोटो पुसट येतो आणि परत काढावा लागतो. म्हणजे किरणं दुप्पट. ते त्यांना सोसायचं नाही.

सांगितलेल्या वजनावर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. वरवंडच्या एका काकूंनी पंचावन्न सांगितलं आणि काटा सत्तरपुढं गेला. "काटा बिघडलाय तुमचा," काकू फणकारल्या.

"व्हय, सगळ्यांशी असाच वागतो तो," म्हणत ताईंनी खरा आकडा लिहिला. किरणं किती, औषध किती, सगळं अंगमानाप्रमाणे ठरायचं.

छातीचा स्कॅन असला की किरणं उगाच पोटावर पडू नयेत म्हणून पडद्यावरची खालची हद्दीची रेघ त्या बोटभर वर सरकवायच्या. म्हणायच्या, "बोलावलं न्हाई तिथं डोकवायचं न्हाई."

एका दुपारी कवठे येमाईहून एक आबा आले. शेवंतीचे शेतकरी, काडीसारखे बारीक. एक पाय सुजलेला, दोन शब्द बोलले तरी धाप. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्याचा संशय होता. ती दिसायला शिरेतून औषध सोडावं लागतं, आणि आबांची किडनी आधीच कमजोर होती.

ताईंनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "अंगानं बारीक आहेत, सर. किरणांचा जोर कमी ठेवला तर औषध जास्त उजळ दिसेल. निम्म्यात भागेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर परत द्यावं लागेल," ताई म्हणाल्या. पलीकडून होकार आला.

आबांच्या मुलानं हे ऐकलं होतं. तो दारातच आडवा उभा राहिला. "पुण्यात पुरी बाटली सोडत्यात म्हणं. आमालाच निम्मी का? आमी गावाकडची हाय म्हून?"

ताई चिडल्या नाहीत. "दादा, औषध किडनीतूनच बाहेर पडतं. आबांच्या किडनीला जेवढं झेपेल तेवढंच देते. माझे वडील असते तरी एवढंच दिलं असतं."

तो बाजूला झाला, पण तोंड फिरवून.

आबांचा श्वास काही केल्या ठरेना. ताई त्यांच्या उशाशी वाकल्या. "आबा, सकाळी वाफ्यात गेलाय. शेवंती उमललीय. वास घ्या... आता सोडू नका." आबांनी डोळे मिटले. पाच सेकंद जमलं.

मग आम्ही काचेआड आलो. औषध शिरेत जाऊ लागलं, पलंग सावकाश आत सरकला. मुलगा आमच्या मागे येऊन उभा होता. ताईंनी माइकवरून शेवंतीचं नाव घेतलं आणि स्वतःचाही श्वास धरला. मी धरला. मुलानंही. त्या पाच सेकंदांत सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटली. पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या पांढऱ्याशुभ्र नळ्या उमलत गेल्या, आणि एका नळीत काळा ठिपका अडकलेला दिसला.

"सापडली," ताई पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दिसली नसती तर काय केलं असतं गं?" एवढ्या ठाम बाईला इतकी भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

आबांना त्याच दिवशी रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. पंधरा दिवसांनी मुलगा एकटाच आला. "किडनीचा रिपोर्ट हाय तसाच हाय, बाई," एवढंच म्हणाला आणि खाली वाकला. ताई मागे सरकल्या. "अहो, पाया काय पडताय! आबा जेवतात का, ते सांगा."

पुढं ताईंना दौंडलाच, घराजवळ नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पाण्याची बाटली घेऊन परतले तोवर त्या एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मांडीवर पर्स, कपाळावर उन्हाचा कवडसा. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. एसटी हलली. त्यांचं डोकं काचेवर हलकेच डुललं आणि गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली. बाटली माझ्या हातातच राहिली.