लग्नपत्रिकेवरचा डास

अमेरिकेत ओक ट्री रोडवरच्या माझ्या किराणा दुकानात भेंडीचं खोकं आलं, की मी आधी तळातली भेंडी मोडून बघते. वरची सगळ्यांचीच चांगली असते. हे शहाणपण मला धंद्यानं दिलं असं लोकांना वाटतं. खरं तर ते डासांनी दिलं. डासाची जात ओळखायची तर रंगावर जाऊन चालत नाही. पाठीवरचे खवले, पायांवरचे पट्टे, आणि तरीही शंका राहिली तर त्याच्या अळीनं टाकलेली कात, इतकं खाली उतरावं लागतं.

लग्नाआधी मी भारतात एका लहानशा प्रयोगशाळेत हेच काम करायचे. एकदा घाटातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत साचलेल्या काळ्या पाण्यातून मी अळ्या काढून आणल्या. प्रत्येक अळी वेगळ्या बाटलीत वाढवली. त्यातल्या एकीची मादी झाली आणि ती कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसेना. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला जपा."

मी जपलं. पुढे नवी जात जाहीर झाली. शोधनिबंधावर सरांचं नाव, त्यांच्या अमेरिकेतल्या मित्राचं नाव, आणि अगदी शेवटी एका ओळीत प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांचे आभार. निबंध छापलेला तो अंक मी सरांच्या टेबलावर आपटला, तोंडाला येईल ते बोलले आणि नोकरी सोडली. आजही तसंच बोलेन.

नवी जात जाहीर करताना एक नमुना कायमचा पुरावा म्हणून ठेवतात. माझी मादी सरांच्या मित्राबरोबर अमेरिकेला गेली. नंतर लग्न होऊन मीही आले. ती संग्रहालयात पोचली आणि मी एडिसनच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये. व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात कुणी उभं करेना, म्हणून दुकान काढलं. होलसेलवाले मला बघून आता स्वतःहूनच भाव उतरवतात. पण उन्हाळ्यात मागच्या अंगणात कानाशी गुणगुण झाली, की मारायला उचललेला हात थांबतो. पायांवर पट्टे आहेत का, हे आधी बघावंसं वाटतं.

माझा नवरा भौतिकशास्त्रातला. आता विम्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर बघतो, पण आधी काही वर्षं तो जमिनीखालच्या एका प्रयोगावर होता. विश्वातला न दिसणारा पदार्थ ज्या कणांचा बनलाय, ते पकडायचा तो प्रयोग. हा तिथे केबल तपासायचा. त्यांच्या निबंधावर शेकडो नावं असायची, पानंच्या पानं, आणि त्यात याचंही. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "आमचा कण सापडलाच नाही, तरी माझं नाव आहे. तुझा डास सापडला आणि तुझं नाही."

त्याला विनोद करायचा होता. मी ताट तसंच ठेवून उठले.

गेल्या वर्षी दुकानात गिऱ्हाईक नसताना फोनवर चाळता चाळता त्या संग्रहालयाच्या साइटवर माझ्या मादीचा फोटो दिसला. टाचणीवर एक छोटा कागदी त्रिकोण, त्याच्या टोकाला चिकटवलेली ती. मागचा एक पाय गळालेला होता. मला ती बघायची होती. फोटोत नाही, समोर.

मुलगी म्हणाली, "आई, यू वॉन्ट टू ड्राइव्ह ऑल दॅट वे फॉर अ डेड मॉस्किटो?" मी तिला म्हटलं, तू मैत्रिणींबरोबर डायनॉसॉरची हाडं बघायला जातेस, ती कुठे जिवंत असतात.

डासांचा संग्रह सांभाळणारा गृहस्थ फोनवर अगदी सौम्य बोलला. असे नमुने फक्त संशोधकांना दाखवतात, तुमची संस्था कुठली? मी म्हटलं, किराणा दुकान. तो हसला नाही, पण नाहीच म्हणाला. पहिला भाव मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही. मी विचारलं, तुमच्याकडे न उघडलेला माल किती पडलाय? प्रत्येक गोदामात असतोच. तो म्हणाला की भारत-श्रीलंकेकडून आलेली खोकी आहेत, वर्षानुवर्षं तशीच, त्यातले डास ओळखून लावायला माणूस नाही. मी म्हटलं, मी लावते. आधी माझी मादी दाखवा. तो म्हणाला, आधी एक खोकं. मी म्हटलं, अर्धं. सौदा अर्ध्या खोक्यावर ठरला.

ठरल्या दिवशी संग्रहालयात जाऊन मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मधल्या काळात डासांच्या गटांची नावं बदलली होती आणि त्यातली काही शास्त्रज्ञांच्या भांडणातून परत जुनीच झाली होती. तीन डास मी चुकीच्या गटात टाकले. त्यानं ते बाजूला काढून दाखवले. बाकीचे बरोबर होते. तो किल्ली घेऊन उठला.

खण उघडला. टाचणीत खाली ओवलेल्या लाल कडेच्या चिठ्ठीवर सरांचं नाव. वर ती, फोटोपेक्षा लहान आणि फिकट. हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. मी त्याला टाचणी तिरपी करायला सांगितली. त्रिकोणाच्या खालच्या बाजूला लाल छपाईचा ठिपका होता.

"हा डाग आम्हाला कधी कळला नाही," तो म्हणाला.

"डाग नाही. माझ्या ताईची लग्नपत्रिका आहे."

आमच्याकडे असा जाड कागद मिळायचा नाही. ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मी प्रयोगशाळेत नेल्या होत्या आणि कोऱ्या बाजूनं त्रिकोण कापायचे. हा तुकडा बहुतेक गणपतीच्या चित्रातला होता. इतकी वर्षं ती त्यावर बसून होती.

मग मी चिठ्ठीवर माझं नाव लावायचं काढलं. तो म्हणाला, जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. नवी खाली लावता येते, पण पुरावा हवा. ठिपका म्हणजे पुरावा नाही. तशी पत्रिका आणा, जुळवून बघू.

तिथल्या पार्किंगमधूनच नाशिकला ताईला फोन लावला. एखादी पत्रिका शिल्लक आहे का?

"अगं, घर बदललं तेव्हाच सगळं टाकलं. तुला आता कशाला हवी?"

"डासासाठी."

ती म्हणाली, "त्या पत्रिका तू पळवल्यास म्हणून आई तेव्हा कित्ती ओरडली होती तुला." मी गाडीत बसून रडले. घरी आल्यावर नवऱ्यानं चहा केला आणि विनोद केला नाही.

आता महिन्यातून एकदा दुकान नवऱ्यावर सोपवून मी तिथे जाते. खोकी लावते. ज्यानं डास ओळखला त्याचं नाव टाचणीवर लावायचंच, असा तिथला नियम आहे, त्यामुळे शेकडो डासांखाली माझं नाव आहे. ते मी मागितलं नव्हतं. निघताना मी न सांगताच संग्रह सांभाळणारा तो गृहस्थ किल्ली घेऊन उठतो. मी वाकून तिला बघते, खालचा ठिपका बघते. माझ्या नावाच्या चिठ्ठीचं दर वेळी विचारते. तो दर वेळी नाही म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात कुठलं खोकं उघडायचं ते आम्ही ठरवतो.