शालू भिजला तवा

"हिच्या अंगावरनं काढा आधी तो शालू!" नवरीची आई किंचाळली.

सांगलीतल्या साड्यांच्या दुकानात मी कामाला होते. इस्लामपूरकडची बागायतदार माणसं लग्नाचा बस्ता बांधायला आलेली. अंगावर कसा दिसतोय ते दाखवायला शालूचा पदर खांद्यावर घेऊन मी उभी. आन मानंवरनं घामाची धार. जरीचा काठ भिजला. डोक्यावर पंखा गरगरतोय, तरी धार थांबंना.

"आडनाव काय गं तुझं?" बाईनं इचारलं.

मी सांगितलं.

"तरीच."

एवढंच. तरीच! म्हंजी घाम आडनावाला येतो व्हय गं भवाने? मालक हात जोडून तिची माफी मागत होता. मला म्हणाला, "उद्यापासनं मागं घड्या घालत बस. गिऱ्हाइकापुढं येऊ नकोस." घरी येऊन मी लाल होईस्तोवर मान घासली. माझीच मान! त्याचा राग मला आजबी येतो.

घाम मला जल्माचा नव्हता. केस लय गळाय लागले म्हणून त्वचेच्या डॉक्टरकडं गेले होते. केसांच्या एका गोळीवर त्याचं संशोधन चाललं होतं, त्यात त्यानं मलाबी घेतलं. गोळी सुरू झाली आन घाम सुरू झाला. सांगितलं तर हसला.

"कष्टाची माणसं तुम्ही. तुमच्या लोकांना घाम यायचाच."

दुकानातली बाई अडाणी म्हणून एकवेळ सोडली असती. ह्यो तर शिकलेला!

मी गोळी बंद केली. घाम आटला. त्याला कळलं तवा माझ्यावर ओरडला, परत सुरू करायला लावली. घाम परत हजर.

मग साताऱ्यात डॉक्टरांची सभा भरली. त्यानं मला तिथं नेलं, केस मोकळे सोडून खुर्चीवर बसवलं. एकेक जण येऊन माझा भांग निरखायचा. बाजारातलं जनावर बघावं तसं. एसीत समदी कोट घालून, आन माझा ब्लाउज पाठीला चिकटलेला. ह्यो माईकवर म्हणाला, "पेशंटला काहीही त्रास नाही."

मी उठले.

"हाय त्रास! गोळी घेतली की घाम, सोडली की न्हाई. दर खेपंला सांगितलं ह्यास्नी. म्हणाले, तुमच्या लोकांना यायचाच. कुठली लोकं, डॉक्टर? घ्या की नाव हितं!"

मागनं एक वयस्क डॉक्टरीण बोलली, "ही गोळी घेणाऱ्या माझ्याही काही पेशंट हेच सांगतात."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर पायऱ्यांवर मला गाठलं. "ताई, आपसांत मिटवू." कालपरवापातुर मी "ए" होते. आता ताई!

न्हाई मिटवायचं. ज्या समितीनं त्याला ह्या संशोधनाची परवानगी दिली, तिच्यापुढं जाणार. ही गोळी खाणाऱ्या बायका हुडकून संगं नेणार. घाम त्याच्या संशोधनात छापून येईस्तोवर, जिथं त्यो माईक हातात घेईल तिथं मी पुढच्या खुर्चीत बसलेली असंन. बोलायच्या आधी त्यानं मला बघायचं. भ्यायचं. मला त्याच्या डोळ्यातलं भ्या बघायचंय.