लाल डाग आणि अण्णा

एकदा मी माझ्या सासऱ्यांवर आठवडाभर पाळत ठेवली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धारवाडला सप्तापुरात आम्ही भाड्याच्या घरात राहायचो: मी, बायको सुमन आणि तिचे वडील अण्णा. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो, त्यामुळे संशय घेणं हा अभ्यासाचाच भाग समजायचो. अण्णांचं तंबाखूचं पान डॉक्टरांनी कायमचं बंद केलं होतं. आणि एका सकाळी चष्मा लावून संडास धुताना पांढऱ्या भांड्यावर मला लालसर शिंतोडे दिसले.

"अण्णांनी पुन्हा पान सुरू केलंय," मी सुमनला म्हणालो.

"काहीतरीच. वास तरी येतो का?"

"वर वेलदोडा खात असतील."

रोज धुताना डाग दिसू लागले. मी अण्णांच्या कोटाचे खिसे तपासले (खडीसाखर सापडली, ती पुरावा म्हणून खाल्ली). शेवटी अण्णाच म्हणाले, "जावईबापू, काय हरवलंय?"

"खरं सांगा अण्णा, पान खाता ना?"

"अय्यो, खाल्लं तर पिंक टाकायला संडासात कशाला जाईन? मागे एवढं परसदार आहे."

रविवारी मी सापळा लावला. अण्णा बाहेर येताच सुमनने आत जाऊन पाहिलं. स्वच्छ. मग मी जाऊन आलो, नेहमीप्रमाणे चष्मा बाहेर ठेवून (चष्म्याशिवाय मला म्हैसही ढगासारखी दिसते). माझ्यामागे सुमन पुन्हा गेली आणि दारातूनच म्हणाली, "अहो, डाग आहे."

घरात माणसं तिघंच. तर्कशास्त्र आयुष्यात प्रथमच उपयोगी पडलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

चष्मा लावून खात्री केली. लघवी कोकम सरबतासारखी.

"बीट," मी म्हणालो. "परवा कोशिंबीर केली होतीस."

"ती आम्हीही खाल्ली," सुमन म्हणाली. "आणि डाग त्याच्या आधीपासून आहेत."

"दुखतंय का?" अण्णांनी विचारलं.

"अजिबात नाही. म्हणजे विशेष काही नसणार."

"चप्पल घाला."

रिक्षाने दवाखान्यात गेलो. ताप? जळजळ? पाठीत कळ? सिगारेट? नवीन औषध? सगळ्याला मी कानडीत "इल्ला", म्हणजे नाही, म्हणत गेलो. वाटलं, पास होतोय. डॉक्टर म्हणाले, "दुखत नसलं तरी लघवीत रक्त दिसलं की तपासायलाच हवं. जंतुसंसर्ग असेल, खडा असेल, प्रोस्टेट असेल, कधी गाठही असते. अंदाजाने नाही सांगता येत."

'गाठ' ऐकून मी पुन्हा बीटचं नाव काढलं. अण्णांनी माझा हात धरला. ज्यांचे खिसे मी उलटे केले होते, त्यांनी.

लघवीच्या तपासणीत रक्तच निघालं. मग सोनोग्राफी. त्यासाठी पोटभर पाणी पिऊन थांबायचं होतं. मी प्यायलो आणि वीज गेली. मी बाकावर पाय आवळून बसलेला, शेजारी अण्णा हळूच सांगताहेत, "नळाकडे बघू नका." वीज आली तेव्हा मला कुठल्याही आजाराची भीती उरली नव्हती.

निघाला मूत्रपिंडातला बारका खडा. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला आणि रंगावर लक्ष ठेवायला सांगितलं. रंगाचं खातं अण्णांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळी संडासाबाहेरून खणखणीत आवाज यायचा, "जावईबापू, आज रंग कुठला?"

"फिकट पिवळा, अण्णा."

खडा पडून गेला, पुढची तपासणीही स्वच्छ आली, तरी चौकशी थांबेना. एक दिवस शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "घराला रंग काढताय वाटतं?"

मी घाईघाईने "हो" म्हणालो. दिवाळीला घरमालकाचं घर मी स्वतःच्या खर्चाने रंगवून दिलं. फिकट पिवळं.